गोल्डफिशच्या गालावरचे दाणे

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाला संस्थेच्या अध्यक्षांनी माशांची काचेची टाकी भेट दिली. टाकी तीन फुटांची होती आणि तिच्यावरची, अध्यक्षांचं नाव व पदव्या सांगणारी पितळी पाटी दोन फुटांची. आत दोन गोल्डफिश होते. मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. प्राचार्य म्हणाले, "महाराष्ट्र दिनाला अध्यक्ष झेंडावंदनाला येतील. दोन्ही मासे दिसले पाहिजेत." दिसले म्हणजे जिवंत, एवढं मी समजून घेतलं.

होळीच्या सुमारास मोठ्या माशाच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे दाणे दिसले. रव्याचे कण चिकटावेत तसे. मी पुस्तक उघडलं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग: कातडीत शिरणारा बारीक परजीवी, उपाय मीठ आणि जरा कोमट पाणी, उशीर केल्यास मासा जातो. चित्र आणि मासा जुळत होते. मी अकरावीचा वर्ग टाकीभोवती उभा केला आणि नंतर निदान फळ्यावर लिहून दिलं. फळ्यावर लिहिलेलं मागे घेणं शिक्षकाला फार जड जातं. तरी खात्रीसाठी एसटीडी बूथवरून गोंदियाच्या मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सफेद दाना है ना सर? नीला दवा डालो, नमक डालो, तीन दिन में साफ." मासा न पाहता इतकी खात्री! मला ती आवडली, कारण माझी स्वतःची मासा पाहूनही एवढी नव्हती.

मोठ्या माशाला प्रयोगशाळेत वेगळ्या टबात ठेवलं. मीठ, निळं औषध, वर शंभरचा बल्ब. दुसरा मासा टाकीत एकटा राहिला. त्याच्या अंगावर एकही दाणा नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं. तो मधूनच झेप घ्यायचा आणि तळाच्या खड्यांवर कूस घासायचा. प्राचार्यांनी कारण विचारलं तर मी "जोडीदाराशिवाय करमत नसेल" असं सांगितलं. जीवशास्त्राच्या शिक्षकाचं हे उत्तर त्यांना पटलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन दिवसांत दाणे तसूभरही हलले नाहीत. मी मीठ वाढवलं. चौथ्या दिवशी मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला.

आमचे प्रयोगशाळा परिचर नवेगाव बांधच्या तलावाकडचे, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरातले. ते दारात उभे राहून बघत होते.

"सर, त्याले कायले खारवून राहिले? सुकवाचा हाये का?"

"भाऊ, त्याला रोग झालाय."

"कोन म्हनते?"

"पुस्तक."

"पुस्तकानं हात लावून पाहिला का त्याले?"

त्यांनी हात ओला केला, मासा हलकेच धरला आणि छातीजवळच्या पराच्या कडेवरून अंगठा फिरवला. "खरखरीत लागते. नर हाये हा. आमच्या बांधातला रोहूचा नर बी अंड्यायच्या दिवसात असाच खरखरीत होते."

"म्हणजे हा आजारी नाही?"

"मी रोहूचं सांगून राहिलो ना, सर. हा रोहू हाये का? ह्या सोन्याच्या मासोळीचं मले काय मालूम?"

हे बोलून ते बाकं पुसायला निघून गेले. मी टबाजवळ उभा. मासा आजारी असेल आणि मीठ थांबवलं, तर रोगानं मरणार. निरोगी असेल आणि चालू ठेवलं, तर माझ्यामुळे मरणार. भिंग घेतलं. दाणे फक्त गालांवर आणि पराच्या पुढच्या काडीवर होते, ओळीत बसवल्यासारखे. शेपटी स्वच्छ, पाठ स्वच्छ. पुस्तकात सगळ्या अंगावर म्हटलं होतं. पण सुरुवात गालापासून होत नाही, असंही म्हटलं नव्हतं. मधल्या सुट्टीपर्यंत मी तीनदा मत बदललं. शेवटी फळ्यावरच्या अक्षरांना घाबरून औषध पाजतोय, हे स्वतःशी कबूल केलं आणि थोडं थोडं करत टबातलं पाणी बदललं. कॉलेज सुटेपर्यंत मासा सरळ पोहू लागला.

"आता तिले पाहा," परिचर म्हणाले. ती म्हणजे टाकीतली.

तिच्या पोटाला मसुरीएवढी काचेसारखी चकती चिकटली होती. मी भिंग जवळ नेलं तर चकती चालायला लागली. मला ती ओळखू येईना.

"ऊ हाये, सर. मासोळीची ऊ."

माशांची ऊ! दहा वर्षं मी ती शिकवत होतो. काचपट्टीवरची, चपटी केलेली, रंगवून गुलाबी झालेली. आकृतीत तिचे दोन गोल चोषक काढायचे विसरणाऱ्यांचा अर्धा अर्धा गुण मी कापला होता. जिवंत ऊ मात्र पाण्याच्याच रंगाची होती आणि तिला माझ्या आकृतीची माहिती नसावी. ती आली कुठून, तेही लवकरच कळलं. टाकी नैसर्गिक दिसावी म्हणून गावाबाहेरच्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, पाणवनस्पती मीच आणायला लावली होती.

परिचरांनी ओल्या फडक्यात मासोळी धरली, मी चिमट्यानं उवा काढल्या. खाली लाल जखमा होत्या. तिसऱ्या दिवशी मासोळी मेली. वनस्पती फेकली, पाणी बदललं, नराला टाकीत सोडलं. प्राचार्यांनी गोंदियाहून तशीच दुसरी मासोळी गुपचूप आणवली.

एप्रिलमध्ये नराचे दाणे आपोआप गेले. आपोआप, की मिठानं? मला अजून सांगता येत नाही. प्राचार्यांना मात्र काहीच शंका नव्हती. मी सगळं खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हा तुमचा विनय आहे."

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदनानंतर, संस्थेचा मासा वाचवल्याबद्दल माझ्या खांद्यांवर शाल पडली. अध्यक्ष नारळ देत असताना माझी नजर त्यांच्या पाठीमागच्या टाकीवर गेली. नरानं झेप घेतली आणि काचेला कूस घासली. मग पुन्हा घासली. उवेची अंडी काचेला चिकटून राहतात, हे पान मी वाचलं होतं; काच घासली नव्हती.

नारळ प्राचार्यांच्या हातात देऊन मी शालीसकट टाकीकडे गेलो. परिचर आधीच जाळी घेऊन आले होते. लोकांना वाटलं प्रात्यक्षिक आहे, टाळ्या पडल्या. पराखाली एकच सापडली. ती चिमट्यानं उचलून मी बोटावर घेतली. चोषक दोन, डोळे दोन, सगळं बरोबर.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी वाकून विचारलं.

"ऊ," मी म्हणालो.

अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले आणि त्यांचा हात डोक्याकडे गेला. परिचर मासा पाण्यात सोडत मला म्हणाले, "सर, रोज पाहा लागन आता." मी मान हलवली, आणि शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.