मोहफुलांचा भाव

एटापल्लीच्या बाजारात आई मोहफुलांची टोपली व्यापाऱ्यापुढे ठेवायची आणि विचारायची, "किती देता, भाऊ?" तो म्हणेल त्या भावात टोपली रिकामी व्हायची. त्या पैशात तेल-मीठ आलं की माझी वही राहून जायची.

मी घरातली पहिली पदवीधर. चंद्रपुरात खोली घेऊन वेबसाइट बनवायला लागले. पहिलं गिऱ्हाईक एक लॉजवाला होता. "किती घेणार?" त्यानं विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही द्याल ते, भाऊ." महिनाभराच्या कामाचे त्यानं दोन हजार दिले. पुढच्या गिऱ्हाइकांनाही मी तेच म्हणत गेले. खोलीचं भाडंही निघेना.

आईला सांगितलं तर ती हसली. "मले तर लिहिता-वाचता येत नाई. तू शिकून बी व्यापाऱ्यालेच भाव काऊन विचारून राह्यली वं?"

मग एका कापड दुकानदाराला मी कामाचे दिवस मोजून आधीच सांगितलं, पंचवीस हजार. "इथी एवढे कोण देते, बाई?" म्हणत तो उठून गेला. त्यानंतर काम आलेलं नाही. या महिन्यात खोली सोडावी लागेल.

आमच्या घरात आपल्या कामाचा भाव स्वतः सांगणारी मी पहिली.