देवाजीचं नाव

गोपिकेला एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळाला तेव्हा कामठीतल्या तिच्या वस्तीत पेढे वाटले गेले. तिचा बाप देवाजी सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होता. पोरगी प्रयोगशाळेत नोकरी करील, या आशेवर त्याने तिला शिकवलं होतं. वर्षभरातच, १९७८ साली, तिने केमिस्ट्री सोडली आणि नागपुरात पत्रकारितेला नाव घातलं. कारखान्यामागच्या विहिरीचं पाणी तिने स्वतः तपासलं होतं. ते पिण्यालायक नाही हे तिला कळलं, पण ऐकणारं कोणी नव्हतं. देवाजी महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

वर्गात ती पहिली आली आणि नागपूरच्या एका दैनिकात लागली. पहिली मोठी बातमी तिने त्याच विहिरीची लिहिली. रंगाचं पाणी कारखान्यातून रात्रीच सोडतात, हे बापानेच तिला जेवताना सांगितलं होतं. संपादक मधुकररावांनी कागद परत केला. सांगणाऱ्याचं नाव नसेल तर छापणार नाही, म्हणाले. तिने दोन दिवस विचार केला आणि नाव घातलं. बापाला विचारलं नाही. तो नाही म्हणेल हे तिला माहीत होतं.

बातमी छापून आली त्याच दिवशी देवाजीला कामावरून काढलं. कारखान्याच्या मालकाने पेपरला बदनामीची नोटीस पाठवली. सोबतच्या कामगारांनी पाणी चांगलं असल्याचं लिहून दिलं. पेपर घाबरला. माफीचा मजकूर मधुकररावांनी गोपिकेलाच लिहायला सांगितला, कारण तिची भाषा स्वच्छ होती. 'देवाजी या कामगाराने आकसापोटी खोटी माहिती दिली', असं तिने लिहिलं. नोकरी टिकली.

देवाजीने तो मजकूर चहाच्या टपरीवर दुसऱ्याकडून वाचून घेतला. घरी येऊन त्याने विचारलं, "हे तूच लिहिलं का वं?"

ती हो म्हणाली.

"मंग मी खोटा बोललो का?"

तिने मान हलवली. नाही.

"लिहिलं तर तसंच तू."

पुढे कामठीत त्याला कोणी कामावर घेतलं नाही. नागपूरच्या नंदनवन भागात एका बांधकामावर तो राखणदार झाला आणि तिथेच टिनाच्या खोलीत राहू लागला. गोपिका दर रविवारी डबा घेऊन जायची. तो डबा घ्यायचा, तिने तब्येत विचारली तर "बरं आहे" म्हणायचा. त्याहून जास्त तिच्यासमोर तो काही बोलत नसे. सात वर्षं असंच चाललं. त्याला क्षय झाल्याचं तिला दुसऱ्या राखणदाराकडून कळलं, तोवर फार उशीर झाला होता.