यंत्राच्या तोंडाला कुंकू

इंटरमॉड्युलेशन तपासायचं यंत्र कोणतं घ्यायचं, हे ऑफिसने माझ्यावर सोपवलं तेव्हा मी हवेतच होते. टॉवरवर दोन जोरदार लहरी एकत्र धावतात. वाटेत एखादा जोड सैल, गंजका किंवा मळका असला की त्यातून नको असलेली तिसरीच लहर जन्मते आणि लोकांचे फोन बुजवून टाकते. असा जोड हुडकायचं हे यंत्र. शेवटी दोन उरली: एक जड, बिघाड किती अंतरावर आहे तेही सांगणारं, दुसरं हलकं, पाठीला लावून टॉवरवर चढता येईल असं. माझं मन हलक्यावर होतं.

नेरे गावात मी भाड्याने राहते त्या घराच्या मागच्या खाचरातच टॉवर आहे. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे चाचणी ठरली, आणि हलकं यंत्र मी आदल्या दिवशीच घरी आणून ठेवलं.

दसऱ्याला घरमालकीणबाईंनी, मी त्यांना मावशी म्हणते, अंगणात पाट मांडला. कोयता, विळे, ट्रॅक्टरची किल्ली, लेकाचा लॅपटॉप. मराठवाड्यात माझी आई याच वेळी शिलाई मशीन पुजत असणार, या विचाराने मला भरून आलं. मी धावत जाऊन यंत्र आणलं.

“ह्याचं त्वांड कुटं हाय गं?” मावशींनी विचारलं.

जिथे केबल जोडतात तिथलं टोपण मी काढलं. मीच. त्यांनी आत बोट फिरवून हळदकुंकू लावलं, मग सणावाराला लावतात तसं माझ्या कपाळालाही, मी हात जोडले आणि टोपण परत बसवलं. जोडात धुळीचा कणही चालत नाही हे मी नव्या मुलांना शिकवते. त्या क्षणी डोकं कुठे चरायला गेलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. जड यंत्राचे आकडे स्वच्छ. हलक्याचे इतके वाईट, की विकायला आलेल्या माणसाला घाम फुटला. त्याने केबल सोडवून जोड स्पिरिटने पुसला. कापूस लाल झाला.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

मी केलं, एवढं म्हणायचं होतं.

“घरमालकीण, सर. अडाणी माणसं. दिसेल त्याला कुंकू फासतात.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. मागे बांधावर मावशी चहा घेऊन उभ्या होत्या.

“व्हय साहेब, माझंच चुकलं. पोरीला ठावं न्हवतं,” त्या म्हणाल्या, आणि पहिला कप मला दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुसल्यावर हलक्याचे आकडेही उत्तम आले. तेच घेतलं, माझी पाठही थोपटली गेली. संध्याकाळी मी माफी मागितली. “त्यात काय येवडं, मॅडम,” मावशी म्हणाल्या. त्याआधी त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

यंदाच्या दसऱ्याला मी यंत्र टोपणासकट पाटावर ठेवलं. “मावशी, वरून लावा. वरून काही होत नाही.”

“नगं मॅडम. लांबूनच ववाळते.” कोयत्याला, किल्लीला, लॅपटॉपला कुंकू लागलं. माझ्या यंत्रासमोर नुसतं निरांजन फिरलं. मग नेहमीसारखी मी कपाळ पुढे करून वाकले.

त्यांनी करंडा माझ्या हातात दिला. “तुमीच लावून घ्या.”