चमचाभर हाड

ऑपरेशनला तीन दिवस झाले तरी दहा वर्षांची निर्मला पाय जमिनीला लावत नव्हती. ऑपरेशन तोंडाचं होतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. ठाण्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते. निर्मला कोपरीच्या कोळी घरातली. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले. लहानपणी ते शिवले होते, पण वरच्या हिरडीतल्या हाडात फट राहिली होती. ती भरायला कमरेच्या हाडाचा थोडा गाभा काढून तिथे बसवतात. याला बोन ग्राफ्ट म्हणतात. तोंड लवकर सावरतं, कंबरच जास्त दुखते. तरी दुसऱ्या दिवसापासून मुलांना चालवायचं असतं.

राउंडला सर्जननी पाहिलं. ग्राफ्ट उत्तम, कमरेची जखम कोरडी, ताप नाही. मला म्हणाले, "आज चालवा तिला. लाड पुरे झाले."

सिस्टर आणि मी दोन्हीकडून धरून तिला उभं केलं. तिने पाय वर घेतला आणि आमच्या हातांवर लोंबकळली.

"तोंडाचा ऑपरेशन नं?" तिची आई मला म्हणाली. "मग पोरगी पाय का नाय टाकत?" वडील तर तिला घरी न्यायचंच बोलू लागले.

मी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि निर्मलेला विचारलं, फार दुखतं का. टाक्यांमुळे ती ओठ न हलवता बोलायची.

"हाड काढलंय ना. उभी राहिली तर पाय मोडंल."

कमरेचं तिला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. समजावलं होतं ते वडिलांना. शुद्धीवर येताना तिने सिस्टरांचं बोलणं ऐकलं होतं: कमरेचं हाड काढलेली मुलगी हीच का.

मी तिचे दोन्ही तळवे तिच्याच कमरेवर, पुढच्या बाजूला ठेवले. "दोन उंचवटे लागतात? सारखेच आहेत ना? आतला चमचाभर गाभा घेतलाय फक्त."

ती बराच वेळ चाचपत राहिली. मग पाय टेकवला. दुखलं, रडली, पण दारात बसलेल्या आईपर्यंत गेली.

पंधरा दिवस लंगडली. दीड महिना पळापळ बंद. मांडीवरचा एक भाग काही महिने बधिर राहिला, तेही मी सांगायला विसरले होते. पुढे भरलेल्या फटीतून तिचा सुळा सरळ खाली आला.

तेव्हापासून मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच मुलांना भेटून सगळं सांगू लागले. सर्जनना तो वेळ फुकट वाटायचा. संमतीवर सही बापाची लागते, पण चालायचं पोराला असतं.