थळहून चालणारी लायब्ररी

हेमाताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. रेडिओलहरींची रेकॉर्डिंग्ज वाचणारी एक मोफत, खुली सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावा असा तयार कोड, मी कामासाठी वापरत असे. एक फाईल काही केल्या उघडेना, म्हणून लायब्ररी सांभाळणाऱ्याला मी फाईल जोडून अलिबागहून चांगलं तिखट इंग्रजी पत्र धाडलं. हा गृहस्थ युरोपात कुठेतरी कॉफी पीत बसला असणार, अशी माझी खात्री! उत्तर मराठीत आलं : ‘फाईलमध्ये जागा अलिबाग दिसते. मूळ रेकॉर्डिंग घेऊन शेजारीच थळला या. येताना पाव आणा, कालवण मी करते.’

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेकॉर्डिंग कुठे, केव्हा, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर झालं, हे लिहिण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. तसं लिहिलेलं कोणत्याही संगणकाला नीट वाचता यावं, हे ताईंच्या लायब्ररीचं काम. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते अंगावर घेतलं. पगार नाही, सुट्टी नाही. तक्रारी मात्र जगभरातून, आणि त्या करणारे माझ्यासारखे. ताई प्रत्येकाला शांतपणे उत्तर देतात. मला ते अजून जमलेलं नाही. त्यांना काळजी एकच. जेवताना त्या सहज विचारत, ‘माझ्यामागं ही कोण बघंल?’

मुरुडच्या हसनभाईंच्या होड्या आहेत. किनाऱ्यावरच्या त्यांच्या वायरलेसमध्ये रोज खरखर येई आणि होड्यांवरचं बोलणं ऐकू येत नसे. रात्रीपर्यंत ते स्वतः होडीवर असत, म्हणून यंत्र लावून त्यांनी ती रेकॉर्ड केली. ताईंच्या लायब्ररीने वेळ दाखवली संध्याकाळची. संध्याकाळी शेजारच्या बर्फाच्या कारखान्याची मोटर सुरू होते, म्हणून हसनभाईंनी कारखानदाराला धारेवर धरलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. प्रत्यक्षात खरखर दुपारची होती, एका लॉजच्या पंपाची. नोंदीतली वेळ भारतीय होती, पण तसं लिहिलेलं नव्हतं. लायब्ररीने ती ग्रीनिचची धरली आणि साडेपाच तास वर चढवले. वेळ अशी धरण्याचा तो बदल ताईंनी एकट्यानेच लिहिला होता आणि एकट्यानेच मंजूर केला होता.

दुरुस्ती करून, लायब्ररीच्या पहिल्याच पानावर ‘चूक माझी’ असं लिहून ताई मुरुडच्या एसटीत बसायला निघाल्या. मी म्हणालो, ‘अहो, फोन करा की!’

‘माझ्या चुकीपायी दोन घरं बोलत न्हाईत, नि मी फोन करू व्हय?’

हसनभाई चाटच पडले. ‘बाई, एवढ्यासाठी आलात? चला, चहा त्याच्याकडंच पिऊ,’ म्हणत त्यांना थेट बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले.

तेव्हापासून लायब्ररीत नियम झाला : आपला बदल आपण मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने तपासायचा. ताईंनाही सूट नाही. तपासायला माणूस मिळेपर्यंत त्यांचं साधंसं काम कितीदा तरी पडून राही. मी वैतागून म्हणे, ‘तुमचीच तर लायब्ररी आहे!’ त्यावर त्यांचं उत्तर, ‘माझी असती तर परसात ठेवली असती.’

पण माणसं मिळत गेली. उरणची तन्वी त्यातलीच एक. तिच्या कामावर ताईंनी इतक्या सूचना लिहिल्या, की दुसरी कुणी पळून गेली असती. ती टिकली, आणि आज ताईंच्या बरोबरीने मंजुरीचा अधिकार तिच्याकडे आहे. पंच्याहत्तरी तोंडावर आली असताना ताईंनी एक बदल पाठवला. तन्वीने तो परत केला : ‘ताई, बदल नीट चालतो हे दाखवणारी चाचणी जोडलेली नाही. मंजूर करता येणार नाही.’

ताई दुखावल्या असतील असं मला वाटलं. समजूत घालायला फोन केला, तर ताई खळखळून हसत होत्या. ‘परत पाठवलान रं पोरीनं! आता मला घोर न्हाय.’ खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

ताई, पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा! घोर गेला हे फार छान झालं. पण म्हणून तुम्हाला रजा मिळेल असं समजू नका. तुमचे डोळे आणि गुडघे शंभरीपर्यंत ठणठणीत राहोत, आणि तुमच्या कामात खोट काढण्याचं भाग्य आम्हाला तोवर लाभो. आणि हो, ती चाचणी अजून आलेली नाही. तन्वी वाट पाहते आहे.