मिस्त्रींचे नाक

सत्य शेवटी नाकापाशीच येऊन थांबते, असे आमचे मिस्त्री सांगत. त्यांचे स्वतःचे नाक एवढे प्रशस्त होते की सत्याला थांबायला जागेची अडचण पडू नये. भोरच्या पेठेमागे त्यांचे गॅरेज होते, आणि युद्धाच्या वर्षांत भोर-वेल्ह्याकडचा कुठलाही बिघडलेला ट्रक आधी त्यांच्या नाकाखालून जाई, मग पान्याखाली. "पाना फसवतो, धूर न्हाई," हे त्यांचे वाक्य.

धूर तपासण्याची रीत ठरलेली. तंबाखू थुंकून चूळ भरायची, टोपी काढून बॉनेटवर ठेवायची, धुराच्या नळीमागे उकिडवे बसून डोळे मिटायचे. तोवर गर्दीने बोलायचे नाही. इंजिनात पाणी शिरले असले तर "बाळंतीण हाय" म्हणत, ऑइल जळत असले तर "मढं". निदान बहुधा बरोबर निघे, हे कबूल केले पाहिजे. मी एका अडत्याकडे कारकून होतो आणि मालकाच्या डिझेल ट्रकपायी मला तिथे वरचेवर जावे लागे. इतरांना शिव्या देणारे मिस्त्री मला "लेखणीवालं" म्हणत आणि आपला अर्धा चहा बशीत ओतून देत.

एका दिवाळीनंतर या ट्रकच्या धुराला वडे तळल्याचा वास येऊ लागला. वेल्ह्याहून हिरडा भरून निघालेल्या गाडीमागे नसरापूरपर्यंत कुत्री धावत. डिझेल तेव्हा कूपनावर मिळे, मालक घाबरले. मिस्त्रींनी चूळ भरली, टोपी काढली, डोळे मिटले आणि उठून सांगितले की टाकीत गोडे तेल आहे. ड्रायव्हर डिझेल चोरून विकतो आणि टाकी तेलाने भरतो. गोडे तेल डिझेलहून महाग होते, हे मला कारकून म्हणून ठाऊक होते. पण त्या नाकापुढे बाजारभाव कोण सांगणार?

ड्रायव्हर दगडू सहा वर्षे आमच्याकडे होता. त्याने चोरी नाकारली आणि एवढेच मागितले, "मिस्त्री, फिल्टर तरी उघडून बघा." मिस्त्रींनी त्याची मान धरली, तोंड नळीपाशी नेले आणि म्हणाले, "घे वास. कुनाच्या लग्नाचं वडं तळतोस रं?" सारी पेठ हसली. मीही हसलो. त्याच दिवशी दगडूला काढले. काढल्याचे पत्र मी लिहिले, आणि या चोराला कोणी गाडीवर ठेवू नये अशी पत्रे मालकाच्या सांगण्यावरून पुण्यापर्यंतच्या गाडीवाल्यांनाही लिहिली. माझे अक्षर चांगले होते.

वास मात्र गेला नाही. पंधरा दिवसांनी ट्रक कात्रजच्या घाटात बंद पडला. ओढून आणल्यावर मिस्त्रींनी नाइलाजाने फिल्टर उघडला. आत शेंदराचा चिखल होता. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला. "ह्यो तर मारुतीचा," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे मालकांच्या गोठ्याआड उभे राहिलो. गल्लीतला मारुती मालकांच्या घराण्याकडे होता. लोकांनी त्याच्या डोक्यावर वाहिलेले तेल खालच्या दगडी कुंडीत साचे. मालकांची आई, थोरल्या आई, ते कळशीत भरून घेऊन आली आणि नव्या ड्रायव्हरला टोपण उघडायला लावून तिने ते टाकीत ओतले. देवावरून उतरलेले तेल पायदळी जाऊ नये, अग्नीलाच जावे, हा तिचा नेम; आणि गाडीच्या पोटात अग्नी असतो, हे तिला कुणीतरी सांगितले होते.

दगडूला परत बोलवायला हवे, असे मी म्हणालो.

"नाक कुठं चुकलं, लेखणीवालं? वास तेलाचाच व्हता. चोर तेवढा चुकला," मिस्त्री म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे गावाला कळलं तर उद्या लोक मला पान्यानं काम कराया लावतील."

शेंदूर अडावा म्हणून त्यांनी टाकीच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि वास पुण्याच्या डिझेलचाच आहे, असे मालकांना सांगून टाकले. त्या दिवशी त्यांनी मला सगळा चहा दिला.

तीन वर्षांनी छातीच्या दुखण्याने मिस्त्री गेले. शाळेत शोकसभा झाली. असे नाक पुन्हा होणे नाही, असे अध्यक्ष म्हणाले. मला खरोखर रडू आले. आम्ही सगळे त्यांच्यावर प्रेम करत होतो. आमची मान त्यांनी कधी धरली नव्हती.

महिन्याभराने दगडू मला नसरापूरला भेटला. रस्त्यासाठी खडी फोडत होता. मी त्याच्यासमोर बसून सगळे सांगितले: शेंदूर, कळशी, फडके. त्याचा हातोडा थांबला नाही.

"ठावं हाय, भाऊसाहेब. माझ्या वक्ताला कुंडीतलं त्याल मीच उपसून देत व्हतो."

मग तेव्हाच का बोलला नाहीस, असे मी विचारले.

"थोरल्या आईंनी मारुतीची आन घातली व्हती. मालक वरडतील म्हून. म्हून तर म्हनलं, फिल्टर उघडा."

मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. मी उभा राहिलो आणि सांगितले की उद्याच मालकांना सारे सांगेन, पेठेत चारचौघांत तुझे नाव स्वच्छ करीन, आणि तू पुन्हा त्याच गाडीवर बसशील. दगडूने हातोडा ठेवला, हात बंडीला पुसले आणि आतल्या खिशातून मेणकापडात गुंडाळलेला ड्रायव्हिंगचा परवाना काढून माझ्या हातात दिला.

त्याची मुदत आदल्या वर्षी संपली होती.