आधी आंघोळ, मग दवाखाना

डॉ. प्रभाकर ठोसर यांची आणि माझी ओळख मुलाखतीत झाली. त्यांच्या हृदयरोग संशोधन केंद्रात समाजसेविकेची जागा निघाली होती. समोर सर बसले होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. खिशातल्या रुमालालाही इस्त्री. हे गृहस्थ लोकांच्या घरी जमिनीवर काय बसणार, असे मला वाटले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्याला ऐकत बसायचा कंटाळा येतो का?" मी म्हटले, "घरी येतो." "चालेल, इथे येऊ देऊ नका," ते म्हणाले आणि नोकरी पक्की झाली. आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि मी अजून ऐकतेच आहे.

त्या काळात सरांना एका प्रश्नाने पछाडले होते. हृदयविकाराचा झटका आला की सुरुवातीचा वेळ लाखमोलाचा असतो. माणूस लवकर पोचला तर हृदय पुष्कळसे वाचते. आमच्याकडे मात्र दोन गल्ल्या पलीकडचे लोकही उशिरा येत, आणि त्यातले काही घरी परत जात नसत. परदेशी अभ्यासांवरून केलेल्या प्रश्नावलीत अंतर, रुग्णवाहिका, खर्च, भीती अशी कारणे होती. लोक सगळ्याला "नाही, नाही" म्हणत. प्रश्नावली संपे, उशिराचे कारण काही कळत नसे. शेवटी सरांनी ती मिटली. "साळवेबाई, आपण त्यांना फक्त ती सकाळ सांगायला लावू," ते म्हणाले.

मग बिबवेवाडी, हडपसर, खडकी असे आम्ही घरोघर हिंडलो. खडकीच्या क्वार्टर्समध्ये शिंदेवहिनी राहत. त्यांचे यजमान झटक्यानेच गेले होते. सर इस्त्रीची पर्वा न करता फरशीवर मांडी घालून बसले. वहिनी सांगत होत्या आणि सर मधूनमधून हलकेच "मग?" एवढेच विचारत होते.

"छातीवर दाब आल्यासारखं वाटतंय म्हणाले. मी म्हटलं, पित्त असेल, थंड दूध घ्या."

"मग?"

"बरं वाटेना, तेव्हा दवाखान्यात जायचं ठरलं. मग त्यांनी आंघोळ केली."

सरांनी मान वर केली. "आंघोळ?"

"अहो, चार लोकांत जायचं, डॉक्टर तपासणार. पारोसं कसं जायचं? मीच पाणी तापवून दिलं." त्या बोलता बोलता थांबल्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माझंच चुकलं का, डॉक्टर?"

सर म्हणाले, "नाही वहिनी. हे आम्ही आपल्याला आधीच सांगायला हवं होतं. पण ते आम्हालाच ठाऊक नव्हतं." आपल्या गावातल्या रोगाचा अभ्यास आपणच का करायचा, हे मला त्या घरात कळले.

त्यानंतर घराघरांतून तेच निघत गेले. कुणी दाढी उरकली होती, कुणी देवपूजा, कुणी धोब्याकडच्या कपड्यांची वाट पाहिली होती. डॉक्टरांच्या एका सभेत सरांनी हे मांडले तेव्हा सभागृहात खसखस पिकली. एका ज्येष्ठांनी विचारले, "ठोसर, हे संशोधन हृदयाचं की न्हाणीघराचं?" सर शांतपणे म्हणाले, "पेशंट न्हाणीघरात अडकलाय, तर मला तिथेच शोधायला हवा."

केंद्राच्या फाटकावर त्यांनी स्वतः पाटी लिहून लावली: 'छातीत दुखत असल्यास आंघोळ न करता यावे. आम्ही नाडी बघतो, कपडे बघत नाही.' शिंदेवहिनी हळदीकुंकवाला जातील तिथे हेच बजावू लागल्या. हळूहळू लोक गालावरच्या साबणासकट येऊ लागले. अशा माणसाला सर उठून नमस्कार करीत आणि "आपण वेळेत आलात" असे म्हणत. ते पाहताना मला फार बरे वाटे.

गेल्या वर्षी एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. लेंगा आणि खांद्यावर उसवलेला बनियन घातलेले एक वृद्ध गृहस्थ छातीवर हात ठेवून उतरले. रखवालदाराने त्यांना ओळखलेच नाही, "बाबा, हळू या" म्हणत तो हात द्यायला धावला. ते सर होते. इतक्या वर्षांत त्यांना बिनकॉलरचे कुणी पाहिले नव्हते. मला बघून ते कसेबसे म्हणाले, "साळवेबाई, पारोसाच आलोय." माझ्या डोळ्यांना धार लागली.

सरांना आत नेल्यावर त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याजवळ बाकावर बसल्या. म्हणाल्या, "पाणी काढून ठेवलं होतं. छातीत दुखत असूनही पाय तिकडेच वळले त्यांचे. मग दारात थांबले आणि म्हणाले, 'शिंदेवहिनींना काय तोंड दाखवू?' मग आम्ही तसेच निघालो."

सर वेळेत आले होते. दुपारी डॉक्टरांनी धोका टळल्याचे सांगितले तेव्हा काकूंनी माझा हात सोडला. आता सर पुन्हा कामावर येतात, इस्त्रीच्या शर्टात. नवे डॉक्टर घाईने प्रश्न विचारू लागले की मागून त्यांचे "मग?" ऐकू येते.

सर, आपण शंभरी पाहावी, हे तर आम्ही सगळेच मागतो. माझे मागणे त्याहून थोडे जास्त आहे. तोवरच्या प्रत्येक सकाळी आपल्याला कुठेही धावत जावे लागू नये, आणि काकूंनी काढून ठेवलेल्या गरम पाण्याने आपली आंघोळ अगदी सावकाश व्हावी.